आप्त कोण?

मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातलग, जिव्हाळ्याचा माणूस. न्याय या भारतीय तर्कदर्शनातला आप्त वेगळा: त्याने गोष्ट स्वतः जाणलेली असते आणि ती जशी आहे तशी सांगावी, अशी त्याची इच्छा असते. अशा माणसाचा शब्द नैयायिक, म्हणजे या दर्शनाचे अनुयायी, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या पंक्तीला बसवतात. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण एकच, असे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या न्यायभाष्यात स्पष्ट केले आहे. नात्यागोत्याचा त्यात संबंध नाही. खोटी बातमी पसरते ती बरेचदा पहिल्या अर्थाचा आप्त दुसऱ्या अर्थाने घेतल्यामुळे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा लोकांच्या हाती मोबाइल नव्हते. तरीही पिण्याच्या पाण्यात विष कालवल्याची आवई उठली आणि थोड्याच दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. साथीतल्या मृत्यूंचा आकडा साठच्या आतच राहिला. घाबरलेल्या माणसाला आधी आठवतात ती आपली माणसे. त्यांना सावध करणे त्याला कर्तव्य वाटते आणि खात्री करत बसलो तर उशीर होईल, अशी धास्ती असते. अफवा पुढे नेणारा बहुधा लबाड नसतो, काळजीत असतो.

व्हॉट्सअ‍ॅपने ही काळजी एका बोटाचे काम करून टाकली. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या मेसेजसोबत फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटाचा होता. अपहरण खोटे असल्याचा शेवटचा खुलासा तेवढा कापलेला होता. याच अफवेपायी २६ जूनला अहमदाबादेत जमावाने एका भिक्षेकरी महिलेचा जीव घेतला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मारले गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

अशा मेसेजखाली पुष्कळदा एक ओळ असते: ‘खरे-खोटे माहीत नाही, आला तसा पाठवला.’ पाठवणाऱ्याला वाटते, जबाबदारी संपली. न्यायदर्शनाच्या कसोटीवर ती ओळ कबुलीजबाब ठरते: आपण हे जाणलेले नाही. वाचणाऱ्याची नजर मात्र वरच्या मामाच्या किंवा मावशीच्या नावावर असते आणि तेवढे त्याला पुरते. आप्ताच्या लक्षणातली सांगण्याची तळमळ पाठवणाऱ्याकडे पुरेपूर असते. जाणलेले काही नसते. म्हणून सद्‌हेतूने पाठवलेली खोटी बातमीही दोषमुक्त होत नाही.