सूड उगवल्यानंतर

जेरेमी सोल्निए यांच्या २०१३ सालच्या ‘ब्लू रुइन’ या अमेरिकन चित्रपटाविषयी दोन मते पडतात. व्हर्जिनियात ड्वाइट आपल्या आईवडिलांचा खुनी म्हणून शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला आरंभीच ठार करतो. पुढची कथा संथ, अबोल आहे. ‘सूड तर उगवला, आता उरले काय?’ असे म्हणून काही प्रेक्षक कंटाळतात. काहींना हे उरलेलेच अस्वस्थ करते. कारण मागाहून कळते, खून त्या माणसाने केलाच नव्हता. त्याच्या बापाने केला होता, आणि तो बाप केव्हाच वारला होता.

आम्हांस वाटते, सुडाचा क्षण सर्वांनाच पाहवतो. त्यानंतरचे दिवस पाहण्यास धीर लागतो. आपला निवाडा चुकू शकतो, ही कबुलीच क्षमेच्या मुळाशी असते.