संपादन : एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ग्रंथाचेही संपादन होते आणि जमिनीचेही. मानवी भूगोलाचा कोश सिद्ध करणाऱ्याला हे शब्दसाम्य केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. कॅम्बेलसंपादित ठाणे गॅझेटियरच्या चौदाव्या खंडात (१८८२) स्थळे वर्णानुक्रमाने येतात. त्यामागे वसाहती राज्यकारभाराची गरज होती हे खरेच. परंतु वर्णानुक्रमाला लहानमोठे कळत नाही, हा त्याचा गुण. ‘नवी मुंबई’ ही नोंद मात्र इतर नोंदी गिळते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावे नियोजित शहराच्या कक्षेत आली. आगरी-कोळ्यांची भातखाचरे, मिठागरे, खाड्या यांसह एखादे गाव ‘पहा : नवी मुंबई’ एवढ्या निर्देशात मिटवणे, हे कागदावरचे दुसरे भूसंपादनच होय. ‘जमीन संपादित करण्यात आली’ ही कर्तृलोपी रचना वस्तुनिष्ठ भासते, कारण तीत घेणारा दिसत नाही आणि देणाराही. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. शब्दमर्यादेचे कारण पुढे करून हा मजकूर गाळणारा संपादक तटस्थ राहत नाही. तो बाजू घेतो. म्हणून जासईची नोंद जासई याच नावाखाली हवी, आणि तिच्या वाक्यांना कर्ता हवा.