एस्किलस: दैव आणि दायित्व

घडणारे सारे आधीच ठरलेले असेल, तर कर्माचा दोष माणसाला लागतो काय, हा प्रश्न एस्किलस (सुमारे इ.स.पू. 525–456) या ग्रीक शोकात्मिकाकाराच्या नाट्यसृष्टीच्या मुळाशी आहे, आणि त्याच्याविषयीच्या आख्यायिकांतही तोच डोकावतो. त्याचे जन्मस्थान एल्यूसिस हे डिमीटर या धान्यदेवतेच्या गुह्यविधींचे, म्हणजे केवळ दीक्षितांना खुल्या असलेल्या उपासनेचे, पीठ होते. या विधींची गुपिते उघड केल्याच्या आरोपावर, ती गुपिते असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते असा बचाव एस्किलसने केल्याचा दाखला ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रात देतो, तो अज्ञानातून घडलेल्या कर्माची चर्चा करतानाच. त्याच्या मृत्यूची आख्यायिका मात्र दैवाला निरपवाद सत्ता देते: वरून काही पडून मृत्यू येईल या भाकितामुळे तो उघड्या आकाशाखाली राहू लागला, तर सिसिलीतील गेला येथे गरुडाने त्याच्या टकलाला खडक समजून त्यावर कासव टाकले.

एस्किलसची नाटके दैवाला इतके स्वस्तात विजयी होऊ देत नाहीत. पर्शियनांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईत (इ.स.पू. 490) तो स्वतः लढला आणि त्याचा भाऊ तेथे मारला गेला, तरीही ‘पर्शियन्स’मध्ये (इ.स.पू. 472) तो शत्रूच्या दुःखाकडे करुणेने पाहतो. तेथे पर्शियाचा दिवंगत राजा दरायस याचा प्रेतात्मा पर्शियनांच्या पराभवाचे भाकीत पूर्वीच झाले होते हे मान्य करतो, पण ते इतक्या लवकर फळाला येण्याचा दोष तो हेलेस्पॉन्ट या सामुद्रधुनीवर पूल बांधणाऱ्या आपल्या पुत्राच्या, झर्क्सीझच्या, उद्दामपणाला देतो.

‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत (इ.स.पू. 458) हा विचार पूर्णत्वाला जातो. आर्टेमिस देवीने निर्माण केलेल्या पेचातही कन्येच्या बळीचा निर्णय आगामेम्नॉन राजाचा असतो. त्या बळीचा सूड त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा त्याला मारून घेते, आणि अपोलो देवाच्या आज्ञेने त्यांचा पुत्र ओरेस्टिस मातृहत्या करतो. अखेरीस ओरेस्टिसच्या दोषाचा निवाडा अथेन्सच्या नागरिकांच्या न्यायसभेपुढे येतो, मते समसमान पडतात आणि अथीना देवीच्या मताने तो सुटतो; एरिनीज या सूडदेवतांना मात्र हाकलून न देता नगरात सन्मानाचे स्थान दिले जाते. एस्किलसच्या धर्मविचाराचे मोठेपण येथे आहे: दैवी इच्छा मान्य करूनही तो माणसाची जबाबदारी देवांवर ढकलत नाही, आणि न्यायाचे काम देव व माणूस यांनी मिळून करायचे आहे असे ठामपणे मांडतो.