आडवी टोपी

लोकरीच्या कानटोपीत नीतिशास्त्र शोधणाऱ्या बाईला कुणी हसले तर मला राग येणार नाही. पण हात गुंतले की मन मोकळे सुटते, हे विणणाऱ्या बायकांना ठाऊक आहे.

नेहमीची टोपी डोक्याच्या घेराएवढे टाके घालून खालून वर विणतात. आडव्या टोपीची तऱ्हा निराळी. टाके घालायचे ते काठापासून शेंड्यापर्यंतच्या उंचीएवढे, आणि ओळीमागून ओळ डोक्याभोवती विणत जायचे. अधूनमधून शेंड्याकडचे थोडे टाके न विणताच मागे वळायचे, म्हणजे टरबुजाच्या फोडीसारख्या पाचरी पडतात आणि माथा निमुळता होतो. शेवटी पहिली कड शेवटच्या कडेला शिवली की झाली टोपी. घेर आधी ठरवावा लागत नाही. शिवाय वीण घेराच्या अंगाने छान ताणते. ज्याचे डोके आपण पाहिलेले नाही, त्याच्यासाठी हीच टोपी उत्तम.

अशी न पाहिलेली डोकी १९९३ साली माझ्या वाट्याला आली. माझे माहेर लातूरचे, सासर नांदेडचे. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबरला, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. थंडी आली तेव्हा वाचलेली लेकरे पत्र्याच्या निवाऱ्यांत होती. आमच्या गल्लीतल्या बायका टोप्या विणू लागल्या.

गाठोडे सकाळी जायचे होते. रात्री उशिरा माझ्या ध्यानात आले, की सुलट-उलट टाक्यांची दाणेदार नक्षी पंधरा-वीस ओळी मागेच चुकली आहे. उसवावी, तर टोपी मागे राहणार. मी ती सासूबाईंपुढे धरली.

“टाका सुटलाय का नक्षी चुकली?”

“नक्षी.”

“मग पोराच्या कानाला वारं लागायचं नाही. राहू दे.”

मला ते टोचले. मी म्हटले, “आपल्या बाळाची असती, तर राहू दिली असती का?”

त्या क्षणभर थांबल्या. “नसती. पण आपल्या बाळाला तोवर घालायला दुसरी टोपी आहे.”

परक्याला आपल्यासारखेच द्यावे, हे म्हणणे सोपे. पण ‘आपल्यासारखे’ म्हणजे निर्दोष नक्षी, की वेळेवर मिळालेली ऊब? सुटलेला टाका ओळीओळीने उसवत जातो. तो दडवणे ही फसवणूक. चुकलेली नक्षी मात्र फक्त माझ्या अभिमानाला डाचत होती.

तरीही सासूबाईंचे वाक्य मी जपून वापरते. ‘तिथे कोण बघतंय?’ म्हणणाऱ्या आळसाला ते फार लवकर उपयोगी पडते. चूक राहू द्यायची ती घेणाऱ्याच्या निकडीसाठी, आपल्या झोपेसाठी नव्हे. त्या रात्री मी नक्षी तशीच ठेवली. कडेची शिवण मात्र दुहेरी घातली.

या दिवाळीत नातवासाठी तसलीच टोपी विणते आहे. आतापर्यंत दोनदा उसवली. त्याच्यापाशी आणखी चार टोप्या आहेत.