उपयोगाचा कोरा रकाना

भूगोल शिकवताना आम्ही मास्तर मंडळी नदीचे चार रकाने पाडतो : उगम, मुख, उपनद्या आणि उपयोग. गोदावरी असो की कृष्णा, चौथा रकाना मुले आधी भरतात. अलास्कातील शीनजेक नदीपाशी मात्र तो बहुतेक कोरा राहतो.

ही नदी ब्रुक्स पर्वतरांगेत उगम पावते, दक्षिणेकडे सुमारे ३२० किलोमीटर वाहत पॉर्क्युपाइन नदीला मिळते आणि पुढे युकॉनमधून बेरिंग समुद्र गाठते. तिच्यावर धरण नाही, काठी घाट नाही. १९५६ साली ओलाउस आणि मार्गारेट म्युरी हे दांपत्य तिच्या खोऱ्यात उन्हाळ्यात राहिले. त्यांच्या तुकडीतील तरुण जॉर्ज शॅलर पुढे आपल्या कान्हाच्या जंगलात वाघांचा अभ्यास करावयास आला. म्युरींसारख्यांच्या खटपटीने १९६० साली तो मुलूख वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवण्यात आला.

ज्या नदीचे पाणी आपण कधी ओंजळीत घेणार नाही, तिचे आपण काही देणे लागतो काय? संसारी माणूस म्हणेल, 'इतक्या दूरच्या नदीचे आम्हांला काय?' पण दूर कोणापासून? तिकडच्या ग्विचिन लोकांना ती परकी नाही. चम जातीचा सॅमन मासा समुद्रातून दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर प्रवाहाविरुद्ध पोहून अंडी घालायला तेथे येतो. त्याचे ते माहेरच!

शिवाय आपण तेथे गेलो नाही, म्हणून आपला हात तेथे पोचला नाही, असे थोडेच आहे? ब्रुक्स रांगेतील कितीतरी ओढे-नद्या नारिंगी झाल्याचे संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केले. हवा तापली की युगानुयुगे गोठलेली जमीन वितळते आणि खडकांतले लोह पाण्यात उतरते. ही ऊब कोळसा आणि तेल जाळणाऱ्या साऱ्या जगाची. त्यात आपलाही वाटा, थोडा का होईना, आहेच. म्हणजे नाते जडलेले आहे; ते मानायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे घंगाळातल्या पाण्यात आपण न पाहिलेल्या गंगा-यमुनांना बोलावतो. दूरच्या नदीला आपली म्हणणे आपल्याला नवे नाही. पण गंगेकडे आपण पुण्य मागतो. शीनजेककडे मागण्यासारखे काहीच नाही. मला वाटते, माणसाच्या धर्माची खरी परीक्षा येथेच होते. जे आपल्या उपयोगाचे आहे, त्याला व्यापारीही जपतो. ज्याच्याकडून काही मिळायचे नाही, त्यालाही दुखवू नये, एवढे ज्याला कळले, त्याला शेजारधर्म कळला.