बांगड्याचं पाप कुणाच्या माथी?

उदगीरपासून समुद्र चारशे किलोमीटर लांब. डाळमिलच्या या गावाला बांगडा माशाशी काय देणंघेणं? पण श्रावण लागला की मांसाहार पाप की नाही, हा वाद इथंही रंगतो. बसवेश्वरांचं बसवकल्याण शेजारच्याच बिदर जिल्ह्यात. त्यांची भूतदया इथल्या लिंगायत घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. अशा घरातून पाहिलं, तर मालवणची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, उघड हिंसा वाटणारच.

आणि ती आहेच. पावसाळा सरला की बांगड्याचे थवे चरायला किनाऱ्यालगत येतात. बांगडा तोंड सताड उघडून पोहतो आणि कल्ल्यांतल्या दाट काट्यांमधून पाणी गाळून त्यातले सूक्ष्म प्लवक गिळतो. थवा वर आला की शांत पाण्याच्या तेवढ्याच पट्ट्यावर पाऊस पडतोय असं वाटतं. वर पक्षी घिरट्या घालतात. किनाऱ्यावरची जाणती नजर तो पट्टा हेरते. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ मारते आणि वाळूतली माणसं दोन्हीकडचे दोर ओढू लागतात. जाळं उथळात आलं की पाणी खदखदतं, निळ्या-हिरव्या पाठी चमकतात. घास तोंडात असतानाच जीव वाळूवर येऊन पडतो. मग वाटे होतात.

पण हिंसेचा हा पेच जुनाच आहे. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा ब्राह्मण आहे. रागाच्या एका नजरेनं त्यानं बगळी मारली, आणि धर्म शिकायला त्याला जावं लागलं मिथिलेच्या बाजारात, मांस विकणाऱ्या व्याधाकडे! हा व्याध स्वतः जनावर मारत नाही, मांस खातही नाही. वाडवडिलांचा धंदा मात्र सोडत नाही. तो विचारतो, शेतीला लोक भली म्हणतात, पण नांगराखाली किती जीव मरतात? धान्याचा दाणा तरी निर्जीव आहे का?

हा सवाल कोकणापेक्षा मराठवाड्याला जास्त झोंबावा. तुरीच्या शेंगा अळीनं पोखरल्या की शेतकरी पाठीवर पंप घेतो. त्याला दोष कोण देणार? पण वरणाच्या वाटीमागे मेलेल्या अळ्या कुणी मोजत नाही. त्या ताटात दिसत नाहीत, इतकंच.

यातून ‘सगळेच मारतात, मग कितीही मारा’ अशी पळवाट काढणारे भेटतात. व्याध तसं म्हणत नाही. हिंसा टळत नाही, पण यत्नानं ती कमी होते, असं तो सांगतो. रापणीत हिंसेला मर्यादा मुळातच होती. मासा किनाऱ्याला आला तरच जाळं पडणार, आणि ओढणार माणसांचे हात. भर समुद्रात एलईडी दिवे पेटवून मासे गोळा करणाऱ्या बोटीला असली वाट पाहावी लागत नाही. उदगीरकराला जाब विचारायचाच असेल, तर तो या बोटीला विचारावा; रापणकराला नव्हे.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. त्यानंतरही ते दिवे बंद करा म्हणून मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांना आंदोलनं करावी लागली आहेत.