झाकण लावून काढलेला फोटो

घराच्या गच्चीवरून तारकागुच्छाचा फोटो काढून चार जणांना दाखवला, की एक प्रश्न हमखास येतो : "डोळ्यांना तर नुसता पुसट ठिपका दिसतो, मग हे एवढे तारे आले कुठून? कॉम्प्युटरवर केलं असणार!" प्रश्न रास्त आहे. कॉम्प्युटरवर काम केलेलंच असतं. मग तो फोटो खरा म्हणावा की खोटा?

नरतुरंग समूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ घ्या. वैशाखात रात्री दहा-अकराला पुण्याहून तो दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे २४ अंशांवर असतो. टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली होती. प्रत्यक्षात तिथे सुमारे एक कोटी तारे आहेत, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर.

त्याचे काही सेकंदांचे शंभर फोटो घेऊन ते एकावर एक नीट जुळवतात. तारा प्रत्येक फोटोत आपल्या जागी येतो. कॅमेऱ्याचा दाणेदारपणा मात्र दर वेळी वेगळा. शंभरांची सरासरी काढली, की तो एक-दशांशावर येतो आणि मंद तारे वर येतात.

पण काही दोष चिवट. कॅमेऱ्यातले काही बिंदू आपोआप उजळतात आणि थेट ताऱ्यासारखे दिसतात. त्यावर उपाय साधा आहे. झाकण लावायचं आणि तितक्याच सेकंदांचे, तितक्याच उष्णतेत आणखी फोटो घ्यायचे. त्यांत आकाश नाहीच. जे उमटेल ते कॅमेऱ्याचं स्वतःचं. तेवढं वजा करायचं.

खऱ्याखोट्याची रेघ इथे आहे. आपला दोष मोजून काढला, तर फोटो खरा राहतो. देखणेपणासाठी जास्त पुसत गेलं, तर मंद तारेही पुसले जातात, आणि तो खोटा होतो.

मंडळी, संसारात हे झाकण आपण किती वेळा लावतो? सुनेचं बोलणं टोचलं, भाऊ बदलला असं वाटलं, की लगेच मत पक्कं. त्याआधी घटकाभर एकटं बसावं. समोर कुणी नसतानाही तो राग, तो संशय आत उजळतोय का? उजळत असेल, तर तेवढा आपल्या खात्यावर घ्यावा. बाकी उरेल ते मात्र समोरच्याचं. तेही निमूट पुसू नये, प्रेमाने बोलावं.

आणि हे एकदाच करून भागत नाही. थंडीत झाकण लावून घेतलेला फोटो उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही.